विणणारीचं नाव

कापडाला इतिहास असतो हे आपल्याला कुणी शिकवत नाही. शाळेच्या पुस्तकात राजाचा अंगरखा असतो. तो विणला कुणी, हे नसतं. मी गिरणीत साच्यावर काम करतो. पाळीभर माझ्या हाताखालून जे कापड जातं त्याच्यावर शिक्का मालकाचा बसतो. म्हणून असेल, कुठलंही जुनं कापड दिसलं की मी नक्षी नंतर बघतो, आधी खालची पाटी वाचतो.

अमेरिकेच्या नैर्ऋत्येला, आजच्या ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको या राज्यांत, दोन जुने मूलनिवासी समाज राहतात. एक पुएब्लो. पुएब्लो म्हणजे स्पॅनिश भाषेत गाव. माती-दगडाच्या पक्क्या वस्त्यांत राहणारे, मका आणि कापूस पिकवणारे हे लोक. होपी, झुनी, आकोमा ही त्यांच्यातलीच नावं. दुसरे नावाहो. ते स्वतःला दिने म्हणतात. दिने म्हणजे माणसं. या दोघांनी हाताने विणलेली जुनी ब्लँकेटं आणि गालिचे आज मोठमोठ्या म्युझियमांत काचेमागे टांगलेत. त्यांच्या पाट्या मी फोनवर वाचत बसतो. पाटीवर अंदाजे साल असतं, लोकर कसली ते असतं, रंग कसला ते असतं. कुठल्या साहेबाने गोळा केलं आणि कुणी दान दिलं, त्यांची नावं असतात. विणणाऱ्याच्या जागी बहुतेक वेळा एकच शब्द. अज्ञात.

२०१२ साली कॅलिफोर्नियातल्या एका लिलावात असलं एक ब्लँकेट १८ लाख डॉलरला गेलं. विणणारीचं नाव लिलाववाल्यांकडे नव्हतं.

आता बघा, ती बाई अज्ञात होती का? तिच्या पोरांना ती माहीत होती. शेजारणींना तिचा हात माहीत होता. ज्याने घोडे देऊन ते ब्लँकेट घेतलं त्याला ती माहीत होती. अज्ञात ती नव्हती. तिला अज्ञात केलं गेलं. कसं केलं, ते या कापडातूनच वाचता येतं. चला, धागा धागा उसवून बघू.

*

पहिला माग पुएब्लोंचा. गोरा माणूस यायच्या कितीतरी शतकं आधी हे लोक कापूस कातत होते, उभ्या मागावर विणत होते. आणि विणणारे कोण? पुरुष. 'किवा' नावाची जमिनीत खोदलेली खोली असते, धर्मविधीची आणि पुरुषांच्या बैठकीची. तिथे छताच्या तुळईला माग टांगायचा, खालचं टोक जमिनीत पक्कं करायचं. उत्खननात किवांच्या जमिनीत मागाची ती भोकं सापडलीत. होपींमध्ये नवरीची पांढरी सुती वस्त्रं नवऱ्यामुलाकडचे पुरुष विणतात. ही रीत अजून मोडलेली नाही.

१५९८ साली हुआन दे ओन्याते हा स्पॅनिश सरदार फौज, पाद्री आणि मेंढ्या घेऊन आला. 'चुर्रो' जातीच्या मेंढ्या. लांब सरळ लोकर, तूप कमी, म्हणजे धुवायला पाणी थोडं लागतं. दुष्काळी मुलखाला यापेक्षा चांगलं काय? पण मेंढीबरोबर चाबूकही आला. १५९९ साली आकोमा गावाने मान वर केली तर शेकडो माणसं कापली. पंचवीस वर्षांवरच्या पुरुषांना एक पाय तोडायची शिक्षा फर्मावली. मग दर घराने दर वर्षी मका द्यायचा आणि एक विणलेलं वस्त्र नाहीतर कातडं द्यायचं, असा कर बसवला. म्हणजे कापड हा कर झाला. मागावर बसायचं ते साहेबाच्या वखारीसाठी.

या लोकांनी ते ऐंशी वर्षं सोसलं आणि मग उठले. १६८० चा ऑगस्ट. पोपे नावाच्या माणसाने गावोगाव पळणारी पोरं धाडली. त्यांच्या हातात चिठ्ठी नव्हती. दोरी होती, गाठी मारलेली. रोज एक गाठ सोडायची. शेवटची गाठ सुटली की उठायचं. विणकरांचं बंड, निरोपही दोरीनेच गेला! स्पॅनिश लोकांना त्यांनी असं पळवलं की बारा वर्षं ते परतले नाहीत. १६९२ साली फौज पुन्हा आली, तेव्हा कितीतरी पुएब्लो कुटुंबं डोंगरात, नावाहोंच्या आसऱ्याला गेली. आधीपासून चालू असलेली देवाणघेवाण तिथे घट्ट झाली. माग, सूत, मेंढ्या, सगळं एका समाजाकडून दुसऱ्याकडे गेलं.

आणि इथे ध्यानात घ्यायची गोष्ट. नावाहोंमध्ये विणायला बसल्या बाया. तोच उभा माग, तेच तंत्र, तिकडे पुरुषाचं काम, इकडे बाईचं. विणणं रक्तात असतं, जातीत असतं, असं कुणी म्हणालं तर त्याला विचारा: कुणाच्या रक्तात रे? अठराव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश गव्हर्नर लिहितो की नावाहो लोकरीचं कापड विणतात. दोन-तीन पिढ्यांत शिकल्या बाया. शिकल्या, हा शब्द महत्त्वाचा.

*

काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे श्रम किती ते कळेल. मेंढी कातरायची, लोकर पिंजायची, चातीवर पिळून सूत काढायचं. ताणा उभा लावायचा. ताण्याचा धागा सलग, वरच्या काठीवरून खालच्या काठीवर, पुन्हा वर. तो कुठे कापायचा नाही. आमच्या साच्यावर धोटा या कडेपासून त्या कडेपर्यंत धावतो. तिथे तसं नाही. ज्या रंगाचा बाणा जिथे हवा तिथपर्यंतच हाताने न्यायचा आणि परत फिरवायचा. मग लाकडी फणीने ठोकायचं, इतकं की ताणा दिसेनासा होतो. दिसतो तो सगळा बाणाच. म्हणून ते कापड जाड, घट्ट, पाऊस सहसा आत शिरू न देणारं. आपल्या घोंगडीसारखं, पण अजून दाट. चारही बाजूंनी काठ पक्के. शेवटच्या चार बोटांत हात जात नाही, धोटी जात नाही, सुईने एकेक धागा ओढावा लागतो. मोठं ब्लँकेट म्हणजे महिन्यांचं काम. डोक्यात नकाशा, कागदावर काही नाही.

जाणकार कापडाच्या अंगावर तिरक्या बारीक रेघा दाखवतात. बाई मधोमध बसून हात पोचेल तेवढा भाग आधी भरते, मग सरकून शेजारचा भरते. दोन भाग जुळतात तिथे ही रेघ राहते. म्हणजे ती कुठे बसली होती, कुठून कुठे सरकली, हे दोनशे वर्षांनी दिसतं! नाव नाही, पण बसल्या जागेची खूण आहे. इंग्रजीत या रेघांना नाव काय पडलंय? 'लेझी लाइन्स'. आळशी रेघा. महिनोन्महिने राबणाऱ्या बाईच्या खुणेला हे नाव!

आता लाल धागा बघा. त्या मुलखात मेंढीच्या लोकरीवर तसा गर्द लाल रंग मिळत नव्हता. मग त्यांनी केलं काय? स्पॅनिश व्यापारातून 'बायेता' नावाचं तांबडं लोकरी कापड येई. इंग्लंडात विणलेलं, स्पेन आणि मेक्सिकोमार्गे आलेलं. ते विकत घेऊन, अदलाबदल करून, मिळेल तसं मिळवून त्यांनी उसवलं. तयार कापड धाग्याधाग्याने उसवायचं आणि त्या धाग्याने आपलं विणायचं. मालकाचं कापड मोडून आपली नक्षी! मी हे वाचलं तेव्हा रात्रपाळीचा शीण उतरला.

जो बेन व्हीट नावाच्या अभ्यासकाने १९७२ पासून म्युझियमं पालथी घालून ही सुतं तपासली, रंगांची रासायनिक तपासणी करून घेतली. त्यात कळलं की जुन्या लाल धाग्यांत बऱ्याचदा लाखेचा रंग आहे, नंतरच्यांत मेक्सिकोतल्या निवडुंगावरच्या किड्याचा. लाख म्हणजे आपल्याकडची. भारतापासून पूर्वेला सयामपर्यंतच्या रानांत मिळणारी. ती झाडावरून खरवडायचं काम आपल्या देशात आजही मुख्यतः आदिवासी करतात. म्हणजे रानातल्या मजुराच्या हातून निघालेला रंग इंग्रजाच्या कापडात, ते कापड स्पॅनिशाच्या गाठोड्यात, आणि तिथून नावाहो बाईच्या मागावर. व्यापाऱ्यांनी हिशेब लिहून ठेवले. खरवडणारा आणि विणणारी, दोघंही वहीबाहेर.

*

आता रक्त. १८०५ च्या जानेवारीत कॅन्यन द शे नावाच्या खोल दरीत नावाहोंची बायकापोरं, म्हातारी माणसं एका कपारीत लपली होती. लेफ्टनंट आंतोनियो नार्बोनाच्या स्पॅनिश तुकडीने त्यांना गोळ्या घातल्या. त्याने वर कळवलं, ११५ मारले, त्यांतले बहुतेक लढवय्ये. नावाहो सांगतात, लढवय्ये तिथे नव्हतेच. जवळपास शंभर वर्षांनी त्या कपारीत कापडाचे तुकडे मिळाले. साल पक्कं ठाऊक असलेली नावाहो विणकामाची जी सर्वांत जुनी उदाहरणं आहेत, त्यांत हे तुकडे मोडतात. बघा, विणकामाचा इतिहास कुठून मोजायचा? मेलेल्यांच्या अंगावरच्या कापडापासून.

आणखी एक प्रकार आहे, त्याला अभ्यासक 'स्लेव्ह ब्लँकेट' म्हणतात. गुलामाचं ब्लँकेट. हल्ले करून नावाहो बायका, पोरी पळवायच्या आणि न्यू मेक्सिकोतल्या स्पॅनिश घरांत राबायला ठेवायच्या. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांत अशा पकडून आणलेल्यांची नोंद आहे, नवीन ख्रिस्ती नावासकट. या बाया मालकाच्या सुताने, मालकाच्या रंगाने विणत, पण माग आणि हात नावाहोंचे. कापडात दोन्ही गोष्टी दिसतात. तिचं नाव बदललं, देव बदलला, भाषा बदलली. हात बदलता आला नाही.

सगळ्यांत महाग विकली जातात ती 'चीफ ब्लँकेट्स'. सरदारी ब्लँकेटं. पांढरे, काळे, निळीचे आडवे पट्टे; पुढे त्यांत लाल पट्ट्या आल्या, मग चौकट-शंकरपाळे आले. पण नावाहोंमध्ये असा सगळ्यांवरचा कुणी सरदारच नव्हता. ही ब्लँकेटं उत्तरेचे यूट, मैदानातले शायेन अशा दुसऱ्या जमातींतले ऐपतदार लोक विकत घेत. पांघरणाऱ्यावरून कापडाला नाव पडलं. विणणारीवरून पडायला काय हरकत होती?

*

मग आलं अमेरिकन सरकार. १८६३ साली जनरल कार्लटनने हुकूम सोडला आणि किट कार्सनने तो अंमलात आणला. पिकं जाळली, मेंढ्या मारल्या. कॅन्यन द शे मधली हजारो पीचची झाडं तोडली. उपाशी माणसं शरण आली. त्यांना पेकोस नदीकाठच्या बॉस्के रेदोंदो इथे चालवत नेलं. वाटेप्रमाणे २५० ते ४५० मैल. मागे पडला त्याला गोळी. तिथे आठ-नऊ हजार माणसं कोंडली. पाणी खारं, पिकाला कीड, थंडी. दोन हजारांहून जास्त मेली. नावाहो त्या जागेला 'ह्वेल्दी' म्हणतात. आजही तो शब्द मोठ्याने उच्चारायला म्हातारी माणसं नाखूश असतात.

१ जून १८६८ ला करार झाला. बार्बोनसितो, मॅन्युएलितो आणि इतरांनी जनरल शर्मनपुढे फुल्या मारल्या. मुलखात परत जायची परवानगी, १५,००० मेंढ्या-बकऱ्यांचं वचन. लोक चालत परतले. बायांनी पुन्हा माग उभे केले. या मॅन्युएलितोची बायको हुआनिता विणकर होती. १८७४ साली नवऱ्याबरोबर वॉशिंग्टनला गेली, तिथे तिचा फोटो निघाला. तिच्याच वंशातल्या जेनिफर डेनेटडेल या नावाहो इतिहासकार बाईने २००७ साली पुस्तक लिहून पणजी-खापरपणजीचा इतिहास ताब्यात घेतला. आपल्या माणसाने लिहिलं की आजी 'बायको' राहत नाही, माणूस होते.

१८८१ साली रेल्वे आली. रेल्वेमागे दुकानदार आले. गनाडोचा हबेल, क्रिस्टलचा मूर. त्यांच्या दुकानाला 'ट्रेडिंग पोस्ट' म्हणत. बाई ब्लँकेट घेऊन जायची, बदल्यात पीठ, साखर, कॉफी. कितीतरी दुकानांत ब्लँकेट चक्क तराजूत टाकून पौंडावर घ्यायचे! महिन्यांचं काम रद्दीसारखं तोलायचं. अंगावर घ्यायच्या ब्लँकेटाला पूर्वेच्या शहरांत गिऱ्हाईक कमी. त्यांना घरात जमिनीवर अंथरायला हवं होतं. म्हणून दुकानदार म्हणाले, जाड विणा, चौकट घाला, अमुक रंग वापरा. मूरने १९११ साली रंगीत चित्रांचा कॅटलॉग छापला. नक्षी बघा, किंमत बघा, मागवा. असं ब्लँकेटाचं गालिचा झालं. जे खांद्यावर होतं ते साहेबाच्या बुटाखाली गेलं.

आणि मग बायांनी स्वतः पांघरलं काय? ओरेगॉनच्या पेंडलटन गिरणीतलं यंत्रावरचं ब्लँकेट, तेच दुकानातून घेतलेलं. हाताचं साहेबाला, गिरणीचं विणणारीला. आम्हा साच्यावरच्या माणसांना हे समजावून सांगायला नको. हबेलच्या दुकानाचे कागद तपासून कॅथी मॅक्लॉस्की या अभ्यासक बाईने २००२ साली पुस्तक लिहिलं. दुकानदाराला कलेचा तारणहार म्हणायची रीत होती. तिने वह्या उघडून बायांचे बिनमोलाचे श्रम दाखवले. हबेलचं दुकान आज राष्ट्रीय स्मारक आहे, त्याच्या नावाने.

१९३३ नंतर पुन्हा मेंढ्यांवर गदा आली. चराई फार झाली, माती वाहून हूव्हर धरणात गाळ भरेल, असं म्हणून जॉन कॉलियरच्या खात्याने कळप कमी करायला लावले. जनावरं दरीत नेऊन गोळ्या घातल्या, सडत ठेवली. नावाहोंमध्ये घराणं आईचं चालतं, मेंढ्या बायांच्या मालकीच्या. पण ठराव झाले ते पुरुषांच्या कौन्सिलात. बायांच्या हातातला कच्चा माल गेला. चुर्रो मेंढी १९७० च्या दशकात पाचशेच्याही खाली आली. १९७७ पासून यूटामधल्या विद्यापीठाने आणि पुढे नावाहोंनी स्वतः ती पुन्हा वाढवली.

*

आता शेवटचा धागा. माझ्या मते सगळ्यांत खोटा.

१९६५ साली फेअरचाइल्ड ही इलेक्ट्रॉनिक कंपनी नावाहो मुलखातल्या शिपरॉक गावी आली. मजुरी स्वस्त, सरकारी मदत, युनियन नाही. हजाराच्या आसपास कामगार, बहुतेक बाया, सूक्ष्मदर्शकाखाली चिप जोडायच्या. १९६९ साली नव्या कारखान्याच्या वेळी कंपनीने पुस्तिका काढली. तिच्यात चिपची नक्षी असलेल्या गालिच्याचा फोटो. सांगायचं हे की, या बाया जन्मजात विणकर, यांची बोटं या कामासाठीच घडलीत. कौतुक! पण ज्याची बोटं जन्मतःच तशी, त्याला शिकल्याचे पैसे द्यायला नकोत, वरची जागा द्यायला नको. १९७५ साली कंपनीने १४० जणांना काढलं. अमेरिकन इंडियन मूव्हमेंटच्या कार्यकर्त्यांनी आठ दिवस कारखाना ताब्यात घेतला. कंपनीने कुलूप लावलं आणि गेली. बोटं तिथेच राहिली.

आपल्या मुंबईच्या गिरण्यांत याच्या उलटं होतं. साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, पगार बरा. तिथे आपल्या माणसाला मज्जाव. का? कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढावा लागे. महाराची थुंकी लागलेला धागा बाकीच्यांना चालत नव्हता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. तिकडे म्हणाले, विणणं तुझ्या रक्तातच आहे, म्हणून स्वस्तात विण. इकडे म्हणाले, तुझं रक्तच असलं, तू विणूच नको. दोन्हीकडे खोटं एकच. हाताला जन्माचा शिक्का मारायचा आणि मजुरी कापायची.

या खोट्याला त्या बायांचाच इतिहास उत्तर देतो. पुएब्लो पुरुषाकडून नावाहो बाई शिकली. नावाहोंमध्ये होस्टीन क्लाह (१८६७-१९३७) नावाचा पुरुष विणायला बसला आणि नामांकित झाला. कला शिकता येते, शिकवता येते. म्हणून ती हिसकावताही येते, आणि परतही घेता येते.

परत घेणं चालू आहे. नावाहो राष्ट्राने आपलं नाव चड्ड्यांवर छापणाऱ्या अर्बन आउटफिटर्स कंपनीवर २०१२ साली दावा ठोकला. २०१६ साली तडजोड झाली. १९९० च्या कायद्याने नकली माल मूलनिवासींचा म्हणून विकणं गुन्हा ठरला. तरी नावाहो नक्षीचे नकली गालिचे मेक्सिकोतून येतात, आपल्या भारतातूनही जातात. तेही कुणीतरी पोटासाठी विणलेलेच. त्याचंही नाव पाटीवर नाही. डेझी टॉगेलचीचं विणकाम २००४ साली अमेरिकेच्या टपाल तिकिटावर आलं, नावासकट. डी. वाय. बेगे, मेलिसा कोडी या बाया आज स्वतःच्या नावाने प्रदर्शनं भरवतात. काही म्युझियमांनी 'अज्ञात' खोडून लिहायला सुरुवात केलीय: 'जिचं नाव एकेकाळी माहीत होतं अशी विणकर'. शब्द थोडेच जास्त. पण त्यात गुन्हा कुणाचा, हे कळतं.

म्हणून, दोस्तांनो, एक काम सांगतो. तुमच्या वस्तीत चटया विणणारी म्हातारी असेल, वाजंत्री असेल, चामडं कमावलेला, गिरणीत झिजलेला कुणी असेल. तो जिवंत आहे तोवर वही घ्या. नाव लिहा. गाव लिहा. कुणाकडून शिकला ते लिहा. मजुरी किती मिळाली ते आकड्यात लिहा. उद्या त्याची वस्तू काचेमागे जाईल तेव्हा पाटी लिहिणारा आपल्याला विचारायला येणार नाही. पाटी आपण आजच लिहून ठेवायची.